अंगातली वाटणी

पिंपळवाडीत मारुतीच्या देवळापुढं सप्ताह बसला की वीणा सात दिवस भुईला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून निघते ती सरळ दुसऱ्याच्या गळ्यात. दोन-दोन तासांचा पहारा. विणेकऱ्यानं तेवढा वेळ बसायचं नाही, जागा सोडायची नाही, तहान लागली तर दुसऱ्या कुणी पाजायचं. बघायला गेलं तर काम एवढंसंच. पण त्या यादीत आपलं नाव लागावं म्हणून माणसं वर्षभर माणिकरावांपुढं सरळ चालतात.

इंद्रभानचं नाव यंदाही लागलं नाही.

माणिकराव म्हणजे सप्ताहाचे कारभारी. पारावर बसून त्यांनी यादी वाचली. शेवटचा काल्याचा पहारा सगळ्यात मानाचा, कारण त्या पहाऱ्याचा विणेकरी कीर्तनकार बुवांच्या बाजूला उभा राहतो. तो त्यांनी राजकुमारला दिला. राजकुमार हा इंद्रभानचा धाकटा भाऊ. सगळ्यांनी मान डोलावल्या. इंद्रभान चपलांच्या ढिगाजवळ उभा होता. यादी संपून कागदाची घडी झाली, तेव्हा तो पुढं झाला.

"भाऊ, माझं?"

"तू पान्याचं आन् सरबताचं पाह्य, इंद्रभान. ते बी सेवाच आहे."

"चवदा महिने झाले, भाऊ. थेंब नाही घेतला."

"माहीत आहे रे बापा. कोन नाही म्हनते? पन वीणा आहे ते. एक साल आनखी जाऊ दे. कालपर्यंत नालीत पडे आन् आज गळ्यात वीणा, लोकं काय म्हनतील?"

मागून कुणीतरी बोललं, "एकाच मायच्या पोटचे पाहा. एक हिरा, एक गारगोटी."

लोक हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, सवय होती. राजकुमार मात्र हसला नाही, खाली बघत राहिला. आणि त्याचं ते खाली बघणंच इंद्रभानला जास्त लागलं. लेकाचा हसला असता तर बरं झालं असतं.

*

हरभरा सोंगायला, कापायला आला होता. साऱ्या शिवाराचा एकदमच आला, म्हणून मजूर मिळेना. त्यात आभाळात रोज दुपारी पांढरे ढग जमायचे. गारांचं भय. दोघा भावांनी ठरवलं, आधी एकाचं, मग दुसऱ्याचं, मिळूनच सोंगून टाकू. वावर सारखं वाटलेलं, मध्ये फक्त धुऱ्याचा एक बांध. त्यांचा बाप किसनराव मेला त्याच्या आदल्या साली त्यानं स्वतः उभं राहून दोरी धरली होती. बाप दारूत बुडालेला होता, पण दोरी त्यानं वाकडी धरली नाही.

हरभरा दव आहे तोवर सोंगावा लागतो. ऊन चढलं की घाटे तडकतात, दाणे मातीत जातात. दिवस उगवायच्या सुमाराला दोघं ओळी धरून पाथीला लागले. पाठोपाठ इंद्रभानची बायको अन्नपूर्णा कापलेले कवळे उचलत होती. हरभऱ्याच्या पानांची आंबट आंब दवात उतरते आणि हाताला लागते. कुठं कातडं चिरलेलं असलं की आग होते.

इंद्रभानचा विळा चालायचा तो सपासप. धाकट्याच्या तो दोन हात पुढंच असायचा. अंगात रग होती. पण त्या रगेचं कौतुक करणारं गावात कुणी नव्हतं.

"हाय!" राजकुमारनं विळा टाकला. बोट कापलं होतं, त्यात आंब गेलेली.

"थांबा भाऊजी, थांबा," अन्नपूर्णा धावली. पदराची कड टरकन फाडून तिनं त्याचं बोट बांधलं. "सप्त्यात वीणा धरायची आहे तुमाले. हात जपा."

इंद्रभाननं आपले हात पाहिले. दोन्ही तळव्यांना भेगा, भेगांत हिरवं-काळं, आणि आग तर पहाटेपासून होत होती. पुढची तीन रोपं त्यानं मुळासकट उपटली.

"दादा," राजकुमार मागून म्हणाला, "मी माणिकभाऊले सांगतो. तुले एक पहारा द्या म्हनतो. दुपारचा का असेना."

"भीक नको."

"भीक कायची त्याच्यात?"

"सोंग. ऊन येऊन राह्यलं."

*

त्याच दिवशी शाळेत डॉक्टर लोक आले होते. शहरातल्या कुठल्याशा मोठ्या कॉलेजातले. दारू कुणाला लागते आणि कुणाला लागत नाही, ह्याचं मूळ अंगात कुठं आहे ते शोधत गावोगाव फिरत होते. सख्खे भाऊ असले, एक पिणारा आणि एक न पिणारा, तर त्यांना फार हवे होते. सरपंचानं पहिलं नाव ह्यांच्याच घराचं सांगितलं. इंद्रभानला तेही लागलं. गावात नमुना म्हणून दाखवायला तो होताच.

एका नळीत थुंकायचं होतं. पण इंद्रभानच्या गालात तंबाखूचा खर्रा होता.

"अर्धा तास तोंडात काही नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मनाली त्यांचं नाव. तिशीतल्या, पायात साध्या चपला. "चूळ भरा आणि बाहेर बसा. तोवर तुमच्या भावाला विचारते."

तो वर्गाच्या मागच्या नळावर चूळ भरून खिडकीखालच्या ओट्यावर टेकला. खिडकीला तावदान नव्हतं. आतलं बोलणं आपोआप कानावर येत होतं.

"माळ घालायच्या आधी कधी घेतली होती?"

राजकुमारचा आवाज, एकदम बारीक, "घेतली होती."

"किती वेळा?"

"चार खेपा."

"किती घ्यायचात?"

"दोन घोट, मॅडम. दोन घोटांतच तोंड इंगळासारखं लाल, कान तापत. छाती अशी धडधडे, वाटे आता फुटते. आन् मंग ओकाऱ्या. चारी खेपा तेच झालं."

"म्हणून सोडली?"

"सोडली काय... अंगानंच घेतली नाही."

इंद्रभानच्या कानशिलात ठोका पडला. बापाच्या चितेपुढं सोळा वर्षांच्या राजकुमारनं तुळशीची माळ घातली आणि "या घरातली दारू माझ्यापासून संपली" म्हणून शपथ घेतली, ही गोष्ट पिंपळवाडीत लहान पोराला ठाऊक. गेल्या साली तर बुवांनी ती कीर्तनात घेतली होती, एका वेलाचं गोड फळ आणि कडू फळ म्हणून. गोड म्हणताना बुवांचा हात राजकुमारकडं गेला होता. कडू म्हणताना हात कुठंच गेला नाही, पण शंभर माना फिरल्या होत्या.

आणि हे त्याचं व्रत! ओकाऱ्यांचं!

अर्ध्या तासानं त्याची पाळी आली. नळी भरून दिली. बाईंनी विचारलं, "पहिल्यांदा किती प्यायल्यावर चढली?"

"चढलीच नाही," इंद्रभान म्हणाला. ह्या एका गोष्टीचा त्याला अजून अभिमान होता. "सतरा वर्षांचा होतो. बाबासंगं बसलो. बाबा आडवा झाला, मी सायकलवर दळन घेऊन आलो. बाबा साऱ्या गावाले सांगे, माझा वाघ आहे म्हने."

बाईंचा पेन थांबला.

"तेच तर वाईट झालं, दादा."

"म्हंजे?"

"दारू पोटात गेली की अंग आधी तिचं विष करतं आणि मग ते विष मोडतं. कुणाच्या अंगात ते साचून राहतं. तोंड लाल होतं, धडधडतं, ओकारी येते. असा माणूस सहसा दारूच्या नादी लागत नाही, त्याचं अंगच त्याला अडवतं. आणि काहींना चढतच नाही लवकर. त्यांना आतून कुणी 'बस' म्हणत नाही. ते पीत जातात. त्यांना धोका जास्त."

"एकाच मायबापाचे ना आमी?"

"वावराची वाटणी दोरीनं होते. अंगाची तशी नसते होत. आईबापाकडून काय कुणाच्या वाट्याला येईल, सांगता येत नाही."

"मंग माह्या नशिबातच होती म्हना."

"नाही. धोका जास्त म्हणजे नशीब नव्हे. अशा बारीकसारीक शेकडो गोष्टी असतात, शिवाय घरात काय पाहिलं, कोणासोबत बसलात, ते वेगळंच." त्यांनी नळीचं बूच लावलं. "आणि चौदा महिने तुम्ही थांबलात, ते मला ह्या नळीत दिसणार नाही. ते तुमचं."

चांगलं बोलल्या बाई. पण मत्सर भरलेल्या मनाचं असं असतं, चाळणीतून पीठ गळून जातं आणि कोंडा तेवढा वर राहतो. इंद्रभान घरी आला तो एकच घेऊन: मी आगीतून चालून राह्यलो, आन् त्याले चप्पल जन्मताच भेटली. आन् गाव पाया पडते ते त्याच्या.

त्यानं अन्नपूर्णाला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"चार खेपा पेला तो. चार!"

"मंग? आता तं पेत नाहीत ना."

"पेऊच शकत नाही! त्याच्यात त्याचं काय?"

तिनं भाकरी उलटली. "गावात नका सांगू जी. दारूड्याच्या तोंडची गोष्ट कोन खरी मानीन? तुमचंच हसं होईन."

ती मायेनं बोलली, पण इंद्रभानच्या पोटात ते कुसळासारखं रुतलं. खरंच, त्याचं कोण मानणार? मग एकच साक्षीदार उरला, ज्याचं सगळं गाव मानेल. राजकुमारचं अंग.

*

सप्ताह बसला. पहाटे काकड्याचा आवाज शिवारात यायचा, त्यावर दोघं सोंगायचे. दुपारी इंद्रभान देवळापाशी पाणी भरायचा, सरबत ढवळायचा, ग्लास विसळायचा. वीणा त्याच्यापासून वीस पावलांवर फिरत राहिली. हा गेला, तो आला. ज्याला धड टाळ धरता येत नव्हता त्याच्याही गळ्यात ती पडली. कीर्तनाची गोडी इंद्रभानला लहानपणापासून. बुवांनी चाल धरली की त्याच्या अंगावर शहारा यायचा. पण ह्या साली नाम कानावर पडायचं आणि कानातच राहायचं.

सहाव्या दिवशी टळटळीत उन्हात तो फाट्यावरच्या टपरीपुढं जाऊन उभा राहिला. टपरीवाल्यानं हात जोडले.

"या या, वनवास संपला का? काय देऊ, संत्रा?"

"दुसऱ्यासाठी पाह्यजे."

"हाव, सारे दुसऱ्यासाठीच नेतात."

देशी संत्र्याची चपटी बाटली त्यानं कमरेला खोचली आणि आडवाटेनं आला. काच मांडीला घासत होती. चौदा महिन्यांत ह्या वाटेनं तो आला नव्हता, पण पायांना वाट पाठ होती.

काल्याच्या दिवशी पारायण आटपलं आणि लोक अंघोळी-कपड्यांसाठी घरी पांगले. मांडवात उरले दोघंच. गळ्यात वीणा, हातात चिपळी, संथ नाम घेत उभा राजकुमार. आणि शिडीवर भोंग्याची तार बांधणारे जब्बारभाई. जब्बारभाई उंद्रीचे, तीस सालांपासून पिंपळवाडीचा मांडव त्यांचाच. बुवा माणिकरावांच्या घरी चहाला बसले होते.

इंद्रभान पाण्याच्या टाकीमागं गेला. स्टीलच्या ग्लासात लिंबाचं सरबत घेतलं. बाटलीचं बूच फिरवलं, आणि वास आला.

तोंडाला पाणी सुटलं. नुसतं सुटलं नाही, दाढांखाली कळ आली. चौदा महिने आडवं झोपलेलं काहीतरी उठून बसलं आणि म्हणालं, आलास? बाटली ओठांपासून वितभर होती. त्यानं डोळे मिटले आणि ग्लासात ओतली. बाटलीत उरलेली मातीत रिकामी केली. बोटावर चार थेंब आले होते. ते बोट त्यानं कितीतरी वेळ धोतराला पुसलं. चाटलं नाही. का चाटलं नाही ते त्यालाही सांगता आलं नसतं.

आता एवढंच. दोन घोट. तासाभरात मांडव भरेल, बुवा उभे राहतील, आणि बाजूला हिरा असा लाल होईल की साऱ्या गावाला दिसेल. तोंडाला वास येईल. मग करा म्हणावं गोड फळ आणि कडू फळ.

तो ग्लास घेऊन मांडवात आला.

"दादा," राजकुमार नाम थांबवून हसला. "घसा सुकला होता रे. तुले कसं कळलं? पाज."

दोन्ही हात गुंतलेले, त्यानं लेकरासारखं तोंड पुढं केलं. ओठांना पापुद्रे आले होते. इंद्रभाननं ग्लास वर नेला. ग्लास ओठाला लागला, आणि राजकुमारच्या नाकपुड्या हलल्या. तो वास ह्या दोघा भावांना कुणी शिकवायला नको होता. त्या वासात दोघं वाढले होते.

राजकुमारनं मान मागं घेतली. आधी ग्लासाकडं पाहिलं, मग भावाच्या थरथरत्या हाताकडं, मग तोंडाकडं. आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दादा... तू पेला?"

इंद्रभाननं ग्लास खाली घेतला.

"कवापासून? आजच का? सांग ना बे!" तो पहिल्यांदाच मोठ्या भावाला बे म्हणाला. "माह्या ग्लासात चुकून आली ना ही? तुह्याच ग्लासातली आहे ना?"

त्याच्या मनात दुसरं काही येतच नव्हतं. इंद्रभान बघत राहिला. ह्या माणसाला संशय घेण्याचीसुद्धा अक्कल नव्हती.

"इकडे ये. लवकर." राजकुमारनं वीणेचा पट्टा डोक्यावरून काढला आणि बघता बघता इंद्रभानच्या गळ्यात घातला. ग्लास काढून घेऊन चिपळी त्याच्या हातात कोंबली. "धर. गळ्यात असली का दोन घंटे कुठं जाता येत नाही. मंग पेता बी येत नाही. उभा राय. नाम घे. मी आहे इथं."

"राजकुमार, यादीत माह्यं नाव..."

"यादी गेली खड्ड्यात. तू हालू नको."

वीणा छातीवर टेकली. इंद्रभानला वाटलं होतं त्यापेक्षा ती हलकी होती. सवयीनं त्याचं बोट तारेवर गेलं आणि तार बोलली. शिडीवरून जब्बारभाईंनी वळून पाहिलं आणि परत तार बांधू लागले.

राजकुमार ग्लास घेऊन ओतून द्यायला निघाला, आणि मांडवाच्या तोंडाशीच माणिकराव आडवे आले. मागं बुवा, चार-सहा माणसं, सतरंज्या घेतलेल्या बाया, त्यांत अन्नपूर्णा.

"वीणा त्याच्या गळ्यात कोनं देली?" माणिकराव ओरडले. मग त्यांचं नाक आक्रसलं. त्यांनी राजकुमारच्या हातातला ग्लास धरला, हुंगला, आणि त्यांचा चेहरा पडला. "हे काय आहे?"

राजकुमारनं एकदा मागं पाहिलं.

"माह्या हातात आहे ना, भाऊ? मंग माह्यंच आहे."

बायांच्या रांगेतून "अगं बाई" आलं. माणिकराव त्याच्या गळ्यातल्या माळेकडं बघत होते.

जे हवं होतं ते सगळं इंद्रभानच्या पुढ्यात उभं होतं. वीणा आपल्या गळ्यात, दारू त्याच्या हातात, आणि बघायला गाव. काही करायचंही नव्हतं. गप्प राहून नुसतं नाम घेत राहायचं. त्यानं एक श्वास घेतला. त्या एका श्वासापुरतं ते फार गोड लागलं, हे खोटं कशाला बोलावं.

"माह्यी आहे ती," तो म्हणाला. आवाज भोंग्यात गेला. एवढ्यात जब्बारभाईंनी त्याच्या बाजूचा, बुवांचा माईक चालू केला होता. साऱ्या गावाला ऐकू गेलं. "मी आनली. त्याच्यासाठी सरबतात कालवली. त्याच्या अंगाले सोसत नाही ते मले ठाऊक होतं. तुमच्या पुढं त्याले ओकवाचं होतं मले."

राजकुमारच्या हातातला ग्लास तिरका झाला आणि सरबत त्याच्या पायावर सांडलं. आता कुठं त्याला कळत होतं.

माणिकराव पुढं आले. "काढ ती वीणा."

खाली ठेवता येत नव्हती. द्यायची तर कुणाच्या तरी गळ्यातच, आणि पहारा राजकुमारचा होता. तो आला. वीणा देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. माणिकरावांना वाटलं तो आज पडणार नाही. पण राजकुमार वाकला. त्याचं कपाळ इंद्रभानच्या पायाला लागलं, आणि तिथंच, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात तो म्हणाला,

"मी कायले पेत होतो चार खेपा, माहीत आहे तुले? बाबा तुले जवळ घेऊन बसे. वाघ म्हने. मले ओकारी आली का म्हने, जाय, मायजवळ बस. मले तुह्या जागी बसाचं होतं, दादा. मले तुह्यासारखं अंग पाह्यजे होतं."

तो उठला. इंद्रभान वाकला. त्याला उठायला वेळ लागला.

"सरबताले हात लावू नको आता," माणिकराव म्हणाले. "जाय. मागं बस."

कीर्तन उभं राहिलं. मांडव भरला. इंद्रभान शेवटी चपलांपाशी बसला. त्याच्या दोन्ही बाजूंना हातहात जागा मोकळी राहिली. बुवांनी आज ना गोड फळ काढलं ना कडू. चाल धरली, टाळ उठले, आणि कितीक दिवसांनी ते नाम इंद्रभानच्या कानातून आत उतरलं. तो बुवांकडं बघत नव्हता. बुवांच्या बाजूला उभ्या राजकुमारचे ओठ बघत होता. ते अजून कोरडेच होते. सगळ्या गडबडीत त्याला पाणी पाजायचं राहूनच गेलं होतं.

अन्नपूर्णा बायांच्या रांगेच्या कडेला बसली होती. इंद्रभान गुडघ्यांवर सरकत तिच्यामागं गेला.

"त्याचा घसा सुकला आहे. पानी ने त्याले."

तिनं वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मी नाही नेत," तो म्हणाला. "तू ने."

ती उठली. टाकीवर जाऊन ग्लास विसळला, भरला. दोन पावलं चालून थांबली. मग साऱ्यांच्या देखत तिनं तो पाण्याचा ग्लास नाकाशी नेला, हुंगला, आणि मग दिराकडं चालू लागली.

इंद्रभाननं मान खाली घातली नाही. राजकुमारचा गळा घोटाघोटानं हलत होता, ग्लास रिकामा होईपर्यंत तो बघत राहिला.